उंदरांच्या पिंजऱ्यापासून राजूरपर्यंत : डॉ. कमल रणदिवे

व्हर्निअर कॅलिपर म्हटलं की आपल्याला फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल आठवतं. पण जीवशास्त्रवाले हाच कॅलिपर उंदराच्या नवजात पिल्लालाही लावतात. पिल्लाचं गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर मोजतात. मामला एक-दोन मिलिमीटरचा! पण नराचं अंतर मादीच्या साधारण दीडपट ते दुप्पट भरतं, कारण गर्भात असतानाच त्याच्यावर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम झालेला असतो. पिल्लू मोठं तर अंतरही मोठं, म्हणून ते वजनाच्या घनमुळाने भागतात. एखाद्या रसायनाने गर्भातलं हार्मोन बिघडवलं, तर या आकड्यावरून कळतं.

उंदीर आणि हार्मोन याच वाटेवर आयुष्य घालवलेली एक मराठी बाई म्हणजे डॉ. कमल रणदिवे. त्यांचा प्रश्न मात्र स्तनाच्या कॅन्सरचा होता.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव कमल समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं आणि एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं अभ्यासली.

पुढे मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये त्यांना डॉ. वि. रा. खानोलकरांसारखे गुरू मिळाले. १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकल्या. तिथेच राहता आलं असतं, पण त्या परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये तशी प्रयोगशाळा उभी केली.

प्रश्न तीन अज्ञातांच्या समीकरणासारखा होता. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये लाकासान्य यांनी नर उंदरांना स्त्री-हार्मोन देऊन स्तनाचा कॅन्सर घडवला होता. १९३६ मध्ये अमेरिकेत बिटनर यांनी आईच्या दुधातूनही काहीतरी पिल्लात जातं हे दाखवलं. तो विषाणू असल्याचं पुढे कळलं. मग दोष आनुवंशिकतेचा, विषाणूचा की हार्मोनचा? एकच गोष्ट बदलायची तर बाकी सगळं सारखं हवं. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या भावंडांचाच संकर करून उंदरांचे वाण जपावे लागतात. नोंदवहीत एक चूक झाली की सगळी मेहनत पाण्यात! त्यांच्या संस्थेत असाच आय.सी.आर.सी. नावाचा वाण तयार झाला. हार्मोन आणि विषाणू यांच्या एकमेकांवरच्या परिणामातून कॅन्सरची शक्यता कशी ठरते, हे ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांचं नाव घेतात. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

१९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसोबत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. लॅबमध्ये रात्र काढणाऱ्या मुलीला राहायची सोय आणि तिच्या लेकराला पाळणाघर लागतं, हे त्या संघटनेने ओळखलं. वाशीला तिने दोन्ही उभं केलं. हॉस्टेलचं मोल आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.

निवृत्तीनंतर त्या अकोल्याला गेल्या. आपला वऱ्हाडातला अकोला नव्हे बरं का, नगर जिल्ह्यातला अकोले तालुका! तिथल्या राजूर परिसरात आदिवासी बायका आणि मुलांच्या पोषणावर त्यांनी काम केलं. उंदरांच्या पिल्लांचं वजन घेणाऱ्या प्रयोगशाळेतली बाई आता माणसांच्या लेकरांची तब्येत पाहू लागली. उपास घडलेल्या आईच्या पोटातलं मूल आधीच मागे पडलेलं असतं, हे समजायला त्यांना वेगळं शास्त्र लागलं नसेल.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं. २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलने डूडल केलं, तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आपण प्रॅक्टिकलची रीडिंग दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवतो, तेव्हा आठवावं : एका खऱ्या रीडिंगसाठी कोणीतरी पिढ्यान् पिढ्या उंदीर सांभाळले आहेत.