नामदार गोखले : माणसे घडवून उभारलेली संस्था

चेन्नई शहरात लोहमार्गाच्या पश्चिमेस वेस्ट मांबलम हा दाट, मध्यमवर्गीय वस्तीचा भाग आहे. तेथील अयोध्या मंडपम् असो किंवा गरिबांना परवडेल अशा दरात औषधोपचार देणारे पब्लिक हेल्थ सेंटर असो, या संस्था वस्तीतील सामान्य लोकांनी वर्गणी जमवून आणि वेळ देऊन उभारल्या. परमुलखात स्थिरावलेल्या मराठी मंडळींनाही हा अनुभव नवा नाही. मंडळ, वाचनालय, शाळा, वसतिगृह अशी कामे चार माणसांच्या उत्साहातून सुरू होतात. पुढे मात्र त्या प्रत्येकापुढे तेच प्रश्न उभे राहतात. काम कोणी करावयाचे? त्यांचा चरितार्थ कसा चालावयाचा? निर्णय कोणाचा? आणि संस्थापक गेल्यावर काय? आधुनिक भारतात या प्रश्नांचा ज्यांनी सर्वांत नेटका विचार केला आणि तो नियमांत उतरवून दाखविला, त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या संस्थेची कथा पुण्यात सुरू होते आणि तिचा एक महत्त्वाचा धागा थेट मद्रासला येऊन मिळतो.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई असे शिक्षण करून १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गोपाळराव बी. ए. झाले. एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याने निमूटपणे पोटाला चिमटा घ्यावा, हे त्यांनी घरातच पाहिले होते. पुढे संस्था काढताना कार्यकर्त्याच्या संसाराचा हिशेब त्यांनी कधी दृष्टीआड होऊ दिला नाही.

पदवी मिळाल्यावर कायद्याचा अभ्यास करून वकिली करावी, असा मार्ग त्यांना मोकळा होता. परंतु १८८५ साली ते ३५ रुपये पगारावर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून वीस वर्षे सेवा करण्याच्या बंधनात शिरले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या प्रेरणेतून जन्मलेल्या या संस्थेची मूळ कल्पना अशी की, चालकांनीच शिकवावे, शिकविणाऱ्यांनीच संस्था चालवावी आणि सर्वांनी अल्प वेतनात समाधान मानावे. गोखल्यांनी तेथे इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे लागेल ते विषय शिकविले, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार केले आणि सुट्यांमध्ये गावोगाव हिंडून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या इमारतीसाठी निधी जमविला. दारोदार जाऊन देणगी मागणे हा त्यांच्या भिडस्त स्वभावाला न मानवणारा उद्योग होता. तरीही तो त्यांनी वर्षानुवर्षे केला.

याच संस्थेत त्यांनी संस्थांचे दुखणेही जवळून पाहिले. आजीव सभासदांनी बाहेर काम करावे की नाही, बाहेरचे उत्पन्न कोणाचे, वेतनवाढ द्यावी की नाही, यांवरून टिळक आणि इतर सहकारी यांच्यात तीव्र मतभेद झाले. गोखल्यांनी स्वीकारलेले सार्वजनिक सभेचे चिटणीसपद हेही त्या वादाचे एक निमित्त होते. १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. ज्यांच्या त्यागाविषयी कोणालाही शंका नव्हती, अशी माणसे केवळ आरंभीच्या कराराचा अर्थ निरनिराळा लावल्यामुळे दुरावली.

सार्वजनिक सभेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली गोखले तयार झाले. सरकारी अहवाल, आकडे आणि अंदाजपत्रके यांचा कसून अभ्यास केल्यावाचून एक ओळही लिहू नये, ही रानड्यांची शिस्त त्यांनी अंगी बाणवली. परंतु १८९५ साली सभेच्या व्यवस्थापक मंडळात बहुमत फिरले, सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली आणि १८९६ साली रानडे-गोखल्यांना डेक्कन सभा ही निराळी संस्था काढावी लागली. पाठोपाठ १८९७ चा आघात आला. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले असता, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी जाहीर क्षमायाचना केली आणि देशभर निंदा सोसली.

१८९९ साली ते मुंबई विधिमंडळात आणि पुढे रानड्यांच्या निधनाच्या वर्षात, १९०१ साली, मध्यवर्ती विधिमंडळात निवडून आले. १९०२ साली दरमहा ३० रुपये निवृत्तिवेतन घेऊन ते फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण गाजले. तिजोरीतील शिलकेचा अर्थ रयतेवरचा जादा कर असा होतो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. कीर्ती, अधिकाऱ्यांचा आदर आणि काँग्रेसमधील मानाचे स्थान हे सारे हाताशी असताना त्यांच्या मनाला एकच रुखरुख होती. देशाचे काम फावल्या वेळाचे राहिले होते. वकील कोर्टातून सुटल्यावर आणि प्राध्यापक सुटी लागल्यावर ते करीत. पूर्ण वेळ देणारी, शिकून तयार झालेली माणसे नव्हती.

या रुखरुखीतून १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज, म्हणजेच सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, जन्मास आला. फर्ग्युसन महाविद्यालयाजवळच्या टेकडीवर पुण्यातील ज्येष्ठ कार्यकर्ते शिवराम हरी साठे यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्रथम गोखल्यांनी स्वतः शपथ घेतली आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन या तिघांना दिली. एवढ्या मोठ्या नावाची संस्था चार माणसांवर सुरू झाली, याचा गोखल्यांना संकोच वाटला नाही. संख्या वाढविण्याची घाई त्यांना पुढेही कधी झाली नाही.

शपथेची कलमे सात होती. देशाचा विचार सर्वांत प्रथम करावा. देशसेवेतून स्वतःचा लाभ पाहू नये. जात वा धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानावे. समाज देईल तेवढ्यावर स्वतःचा व कुटुंबाचा निर्वाह करावा आणि अधिक कमाईच्या मागे लागू नये. खाजगी आयुष्य शुद्ध ठेवावे. कोणाशीही वैयक्तिक भांडण करू नये. समाजाच्या उद्दिष्टांना बाध येईल असे काही करू नये. कलमे साधी दिसतात. पण त्यांच्यामागे वीस वर्षांचा अनुभव आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत उत्पन्नाचा प्रश्न मोघम राहिल्यामुळे जे घडले, ते येथे पहिल्याच दिवशी मिटविले होते. भत्ता बेताचा असला, तरी कुटुंबाच्या निर्वाहाची जबाबदारी समाजाने पत्करली होती. सेवकाने उपाशी राहावे अशी अपेक्षा नव्हती. त्याने निश्चिंत असावे, ही दृष्टी होती.

रचनेतही तीच दूरदृष्टी दिसते. वर्गणी भरून कोणालाही सभासद होता येत नसे. अर्जदाराला पारखून घेतले जाई आणि नंतर पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. पुण्याच्या निवासात राहून ग्रंथालयात राज्यव्यवस्था, इतिहास, अर्थकारण यांचा अभ्यास करावयाचा आणि देशभर हिंडून परिस्थिती पाहावयाची, असा तो क्रम होता. उमेदवारीच्या काळात परवानगीवाचून भाषण करण्यास वा वृत्तपत्रात लिहिण्यास मनाई होती. तरुण, बुद्धिमान पदवीधरांना हा नियम जाचक वाटे. पण १८९७ चा प्रसंग ज्याने भोगला होता, त्याला खातरजमा न करता उच्चारलेल्या शब्दाची किंमत ठाऊक होती. समाजाची धुरा प्रथम सभासद म्हणून गोखल्यांकडे होती आणि त्यांच्या साहाय्यास तीन सभासदांचे मंडळ होते. त्यांचे अधिकार फार व्यापक होते. परंतु हे पद त्यांच्यापुरतेच होते. त्यांच्यामागून सभासदांनी निवडलेला अध्यक्ष येणार होता. बांधकामाच्या काळात एकाच्या हाती सूत्रे आणि नंतर सर्वांचा अधिकार, असा हा विचार होता.

माणसे निवडण्यात गोखल्यांची खरी परीक्षा झाली. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्या वाचनात समाजाचे उद्दिष्टपत्रक आले. कुंभकोणमजवळच्या वलंगैमानचे हे गृहस्थ उत्तम शिक्षक होते आणि १९०४ साली ट्रिप्लिकेनमध्ये सहकारी भांडार काढणाऱ्यांत त्यांचा पुढाकार होता. वय अडतिशीकडे झुकलेले, नोकरी मानाची, संसाराचा भार डोक्यावर. तरी १९०७ साली ते सर्व सोडून समाजात आले. पाठोपाठ १९०९ साली नारायण मल्हार जोशी आणि हृदयनाथ कुंझरू आले. १९१४ साली अमृतलाल ठक्कर यांनी अभियंत्याची नोकरी सोडून शपथ घेतली. प्रत्येकाचा कल पाहून गोखल्यांनी क्षेत्र नेमून दिले. देवधर दुष्काळनिवारण, सहकार आणि स्त्रीशिक्षण यांत रमले. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. जोशी मुंबईच्या कामगार वस्तीत, द्रविड नागपुरात, कुंझरू अलाहाबादेत, तर शास्त्री मद्रासला. मद्रासच्या रोयापेट्टा भागात समाजाची शाखा स्थिरावली. मांबलम तेव्हा शहराबाहेरचे गाव होते. पूर्वेकडचा मोठा तलाव बुजवून त्यागरायनगर वसण्यास अजून अवकाश होता.

या साऱ्या व्यापात गोखल्यांचे शरीर मधुमेहाने पोखरले जात होते. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे व मोफत करण्याचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्याची पाहणी करून आले. लोकसेवा आयोगाच्या कामासाठी लंडनच्या फेऱ्या चालूच होत्या.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी स्वदेशी परतले. त्यांनी समाजात यावे, ही गोखल्यांची मनापासूनची इच्छा होती. पुण्यात समाजाच्या सभासदांशी गांधीजींची मोकळी चर्चा झाली, तेव्हा विचारांत आणि कार्यपद्धतीत अंतर असल्याचे सभासदांनी स्पष्ट केले. आपली इच्छा त्यांच्यावर लादण्याचा अधिकार प्रथम सभासदाला होता. गोखल्यांनी तो वापरला नाही. गांधीजींना आश्रमासाठी साहाय्य देण्याचे त्यांनी मान्य केले आणि वर्षभर देश पाहण्याचा सल्ला दिला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले निवर्तले. त्यानंतर गांधीजींनी प्रवेशासाठी अर्ज केला. सभासदांत दुमत आहे असे दिसताच त्यांनी तो आपण होऊन मागे घेतला. उभय पक्षी स्नेह कायम राहिला.

संस्थापकावाचून समाज टिकेल काय, ही शंका तेव्हा अनेकांना होती. सभासदांनी नियमाप्रमाणे अध्यक्ष निवडला. पुण्यात जन्मलेल्या, बहुतांशी मराठी माणसांच्या त्या संस्थेने मद्रासच्या श्रीनिवास शास्त्रींच्या हाती सूत्रे दिली. पहिल्या दिवशी शपथ घेतलेले देवधर त्यांच्याहून जुने होते. तरीही त्यांनी बारा वर्षे शास्त्रींच्या नेतृत्वाखाली काम केले आणि १९२७ साली शास्त्री दक्षिण आफ्रिकेत भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेल्यावरच ते अध्यक्ष झाले. १९२१ च्या मलबारमधील दंगलीनंतर निराधारांच्या साहाय्यासाठी हेच देवधर मद्रास इलाख्यात धावून गेले होते. तमिळ अध्यक्षाच्या हाताखाली मराठी सेवकाने मलयाळी जनतेचे अश्रू पुसावेत, याहून शपथेतील तिसऱ्या कलमाचा वेगळा अर्थ काय असू शकतो?

समाजाला मर्यादा होत्या. इंग्रजी शिकलेल्या मोजक्या पदवीधरांची ही संस्था लोकचळवळीचे रूप घेऊ शकली नाही आणि गांधीयुगाच्या महापुरात तिचा आवाज क्षीण झाला. पण तिने घडविलेली माणसे महापुरातही उभी राहिली. जोशींनी कामगार चळवळीचा अखिल भारतीय पाया घातला, ठक्करबाप्पांनी आदिवासी आणि हरिजन सेवेला आयुष्य वाहिले, कुंझरूंनी अनेक दशके समाजाची धुरा वाहिली. लाला लजपतराय यांनी १९२१ साली लाहोरमध्ये याच धर्तीवर लोकसेवक मंडळ काढले. १९३० साली पुण्यात समाजाच्या आवारात गोखल्यांच्या नावाने अर्थशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली.

साठ वर्षे ओलांडणाऱ्या शाळेला या चरित्रातून घेण्यासारखे बरेच आहे. शिक्षक निवडताना लावलेली कसोटी, त्याच्या चरितार्थाची काळजी, सुरुवातीलाच स्पष्ट केलेला करार आणि योग्य वेळी बाजूला होण्याची संस्थापकाची तयारी, यांवर शाळेचे आयुष्य ठरते. गोखल्यांनी दहा वर्षांत समाजाला थोडी माणसे दिली आणि त्यांना वागण्याचे थोडे नियम दिले. त्यांच्यामागे समाज चालला, तो त्या शिदोरीवर.