पहिला जाजल्लदेव : रतनपूरच्या स्वातंत्र्याचा संस्थापक

दक्षिण कोसल म्हणजे स्थूलमानाने आजचे छत्तीसगड. इ. स. १००० च्या सुमारास त्रिपुरीच्या कलचुरि घराण्यातील कलिंगराजाने हा प्रदेश जिंकून तुम्माण येथे राजधानी केली. त्याचा नातू पहिला रत्नदेव याने रतनपूर वसविले. ही शाखा पराक्रमी खरी, परंतु मांडलिक होती. रत्नदेवाचा पुत्र पहिला पृथ्वीदेव एकवीस हजार गावांचा धनी म्हणविला जाई. तरीही १०७९ च्या ताम्रपटात तो महामंडलेश्वर एवढीच पदवी धारण करतो. पृथ्वीदेव व राजल्ला यांचा पुत्र जाजल्लदेव सुमारे १०९० मध्ये गादीवर आला, तो हा वारसा घेऊन.

काळ त्याला अनुकूल होता. कर्णासारख्या दिग्विजयी राजानंतर त्रिपुरीचे सिंहासन यशःकर्णाकडे गेले होते. परमारांच्या स्वारीने त्याचे राज्य पोळले, वाराणसी गाहडवालांच्या हाती गेली. मात्र स्वामी दुर्बल झाला म्हणून मांडलिक आपोआप स्वतंत्र होत नाही; त्यासाठी स्वतःचे सामर्थ्य सिद्ध करावे लागते. जाजल्लदेवाने बस्तरमधील चक्रकोटच्या सोमेश्वर या नागवंशी राजाचा पराभव करून त्याला मंत्री व राण्यांसह बंदिवान केले आणि पुढे त्याच्या मातेच्या विनंतीवरून मुक्त केले. ११११ च्या नारायणपाल शिलालेखात सोमेश्वराचा पुत्र कन्हर राज्य करताना दिसतो. तेव्हा ही मोहीम त्यापूर्वीची असली पाहिजे. पूर्वेस सुवर्णपूरच्या, म्हणजे सोनपूरच्या, भुजबलावरही त्याने विजय मिळविला. वैरागर, लांजिका व भाणार येथील मंडलाधिपती त्याला खंडणी देत. वैरागर हे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड आणि भाणार म्हणजे भंडारा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची सत्ता विदर्भापर्यंत कशी पोहोचली होती, ते उमगते.

त्याच्या कारकिर्दीचे प्रमुख साधन म्हणजे कलचुरि संवत् ८६६ चा, म्हणजे नोव्हेंबर १११४ चा, रतनपूरचा शिलालेख. हा शिलालेख पुढे नागपूरच्या संग्रहालयात आणण्यात आला. कलचुरि लेखांच्या १९५५ च्या संग्रहात वा. वि. मिराशी यांनी त्याचे संपादन केले. त्यात चेदीचा राजा जाजल्लदेवाचा स्वामी म्हणून नव्हे, तर मित्र म्हणून येतो. एका शब्दाचा हा फरक, पण त्यात दोन घराण्यांचे बदललेले नाते सामावलेले आहे. जाजल्लदेवाने स्वतःच्या नावाची सोन्याची व तांब्याची नाणी पाडली, हाही स्वातंत्र्याचाच पुरावा होय.

विजयांइतकेच त्याचे निर्माणकार्यही लक्षणीय आहे. तपस्व्यांसाठी मठ, उद्यान, आमराई व सरोवर यांनी युक्त असे जाजल्लपूर त्याने वसविले. आजचे जांजगीर ते हेच, असे मानतात. पालीच्या शिवमंदिराच्या जीर्णोद्धाराची साक्ष तेथे कोरलेले त्याचे नाव देते.

स्वातंत्र्याची खरी कसोटी मात्र त्याच्यामागे लागली. पुत्र दुसरा रत्नदेव याने त्रिपुरीचे स्वामित्व उघडपणे नाकारले, तेव्हा गयाकर्णाने सैन्य धाडले. ते पराभूत झाले. पुढे दुसऱ्या जाजल्लदेवाच्या काळात त्रिपुरीच्या जयसिंहाने पुन्हा स्वारी केली. त्या युद्धात घराण्यातील उल्हणदेव कामी आला, याची नोंद शिवरीनारायणच्या ११६७-६८ च्या लेखात आहे. म्हणजे जाजल्लदेवाने मिळविलेले स्वातंत्र्य पुढील पिढ्यांना रक्त सांडून राखावे लागले.

तेराव्या शतकात त्रिपुरीचे राज्य लयास गेले. रतनपूरचे मात्र १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन येईपर्यंत टिकले. रायपूरच्या शंकर नगरात वास्तव्य करणाऱ्या मराठी वाचकाने जांजगीर वा पालीची वाट धरली, तर या दीर्घायुषी राज्याला प्रथम स्वतःच्या पायांवर उभे करणाऱ्या पुरुषाच्या खुणा त्याला आजही पाहता येतील.