पैसे घेतले म्हणून दारं बंद!

मैत्रिणींनो, खेळून चार पैसे मिळवले म्हणून कुणाला खेळूच दिलं नाही तर? अमेरिकेच्या बेब डिड्रिक्सनचं असंच झालं. टेक्सासमधल्या साध्या घरातली ही मुलगी. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिनं भालाफेक आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण, उंच उडीत रौप्यपदक मिळवलं. पण पदकांवर घर थोडंच चालतं! ती पैसे घेऊन बास्केटबॉल, बेसबॉल खेळू लागली. पुढे गोल्फकडे वळली. १९३५ मध्ये टेक्सासची हौशी महिलांची स्पर्धा जिंकली आणि लगेच गोल्फ संघटनेनं तिला हौशी स्पर्धांतून बाहेर काढलं. कारण काय, तर दुसऱ्या खेळात घेतलेले पैसे! बायकांसाठी व्यावसायिक स्पर्धा तेव्हा जवळपास नव्हत्याच. मग खेळायचं कुठे? हौशी राहायला घरची श्रीमंतीच हवी की!

१९३८ मध्ये पहिलवान जॉर्ज झहारियसशी लग्न झालं, घराला आधार आला. मग तिनं तीन वर्षं बक्षिसाच्या पैशांवर पाणी सोडलं. १९४३ मध्ये हौशीपण परत मिळालं. १९४६ मध्ये अमेरिकेची, १९४७ मध्ये ब्रिटनची हौशी स्पर्धा तिचीच. १९५० मध्ये महिला व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना उभारणाऱ्यांत ती होती. १९५३ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तरी पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकली. १९५६ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी ती गेली.