मन नसताना लिहिलेले पुस्तक

आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात सर्वांत जास्त हाताळलेले कपाट कोणते असे विचारले, तर ग्रंथपाल रहस्यकथांकडे बोट दाखवतील. आमच्या पिढीने बाबुराव अर्नाळकरांचे धनंजय आणि झुंजार अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. पुढे अगाथा ख्रिस्ती यांची ओळख झाली. बँकेच्या नोकरीत बदलीच्या गावी एकट्याने काढलेल्या कितीतरी संध्याकाळी त्यांच्या पुस्तकांनी सुसह्य केल्या. पण खून कोणी केला या नादात ते लिहिणाऱ्या बाईंकडे माझे कधी लक्षच गेले नाही. निवृत्तीनंतर त्यांच्याविषयी सवडीने वाचले, तेव्हा त्यांच्या कोणत्याही कथेपेक्षा एक प्रसंग मनात जास्त राहिला. तोच येथे सांगतो.

अगाथाबाईंचा जन्म 15 सप्टेंबर 1890 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गावी झाला. शिक्षण बहुतेक घरीच. आठ वर्षांपर्यंत मुलीने वाचायला शिकू नये असे आईचे मत होते. मुलगी पाचव्या वर्षीच आपली आपण वाचू लागली. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील वारले आणि आधीच खालावलेली घरची स्थिती आणखी ओढगस्तीची झाली. 1914 च्या नाताळच्या आदल्या दिवशी आर्चिबाल्ड ख्रिस्ती या सैन्यातील अधिकाऱ्याशी त्यांचे लग्न झाले. पहिले महायुद्ध सुरूच होते.

युद्धकाळात त्यांनी टॉर्कीच्या इस्पितळात आधी परिचारिकेचे आणि नंतर औषधखान्यात काम केले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर कंपाउंडरचे. त्याची रीतसर परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. सभोवती कपाटात विषारी औषधांच्या बाटल्या आणि मधूनमधून रिकामा वेळ. तुला रहस्यकथा लिहिता येणार नाही, असे थोरल्या बहिणीने पूर्वी म्हटलेले मनात होतेच. टॉर्कीत तेव्हा बेल्जियमचे निर्वासित आले होते. त्यांच्यावरून बेल्जियन गुप्तहेर पॉयरो सुचला. विष ठरले स्ट्रिकनीन, म्हणजे आपल्या कुचल्याच्या बीमध्ये असते ते. उरलेले लिखाण पुरे करण्यासाठी त्या डार्टमूरच्या माळावरील एका हॉटेलात राहिल्या. सकाळी लिहायचे आणि दुपारी माळावर एकटीने फिरत पात्रांचे संवाद मोठ्याने बोलून पाहायचे, असा त्यांचा क्रम होता.

ते पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारले. अखेर एकाने स्वीकारले आणि 1920 साली ते प्रसिद्ध झाले. आनंदाच्या भरात अगाथाबाईंनी करार फारसा न वाचताच सही केली. पहिल्या दोन हजार प्रतींवर काहीच मिळणार नव्हते आणि पुढची पाच पुस्तकेही त्याच प्रकाशकाला देण्याचे बंधन होते. हाती आले फक्त 25 पौंड. कर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या करणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली, म्हणून हे वाचून हसूही आले आणि वाईटही वाटले. पण त्या शिकल्या. करारातली पुस्तके संपताच त्यांनी प्रकाशक बदलला.

नव्या प्रकाशकाकडे 1926 साली त्यांचे रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाचे पुस्तक आले आणि त्याच्या शेवटाने खळबळ उडाली. नाव झाले, पण घरात तेच वर्ष सर्वांत वाईट गेले. एप्रिलमध्ये आई वारली. तिचे घर आवरण्याचे काम त्यांनी जवळजवळ एकटीने केले. त्यातच पतीने दुसऱ्या स्त्रीवर प्रेम असल्याचे सांगून घटस्फोट मागितला. 3 डिसेंबरच्या रात्री त्या मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मोटार सरे परगण्यात सोडून दिलेली सापडली. पोलिसांनी रान पालथे घातले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. तेथे त्यांनी पतीच्या त्या मैत्रिणीचे आडनाव लावले होते. आपल्या आत्मचरित्रात या अकरा दिवसांविषयी त्यांनी काहीच लिहिले नाही, तेव्हा आपणही तर्क करू नये हे बरे.

माझ्या मनात राहिलेला प्रसंग त्यानंतरचा आहे. 1927 च्या सुरुवातीला त्या सात वर्षांची मुलगी रोझालिंड आणि सेक्रेटरी यांना घेऊन कॅनरी बेटांवर गेल्या. प्रकाशकाला पुस्तक द्यायचे होते आणि पैशाची गरज होती. मन कशातच लागत नव्हते. मुलगी सारखी मध्ये मध्ये येई. आपल्याच एका जुन्या लघुकथेचे कथानक वाढवून त्या सेक्रेटरीला एकेक वाक्य सांगत होत्या. पात्रे डोळ्यांसमोर येत नव्हती, लिहिण्यात आनंद नव्हता. तरीही ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ पुरे झाले आणि 1928 मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी घटस्फोटही झाला. हे पुस्तक त्यांना शेवटपर्यंत आवडले नाही. मात्र हौशी लेखिकेची व्यावसायिक लेखिका आपण त्याच वेळी झालो, असे त्या मानत. मन नसताना, आपले लिखाण आपल्यालाच पसंत नसतानाही काम पुरे करायचे, हा धडा त्या तेथे शिकल्या.

पुढची सारी घोडदौड त्यानंतरची. 1930 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी दुसरे लग्न झाले. इराक आणि सीरियातील उत्खननांच्या मुक्कामी त्या पतीला मदत करीत आणि लिहीतही. खास लेखनाची खोली असावी असा आग्रह नसे. टाइपरायटर ठेवण्यापुरते टेबल मिळाले की पुरे. कथानके भांडी विसळताना किंवा टबात बसून सफरचंदे खाताना सुचत. ती उतरवायला साध्या शाळकरी वह्या होत्या. त्यांपैकी 73 शिल्लक आहेत. खुनाच्या युक्त्यांशेजारी घरच्या सामानाच्या याद्या, कोणते पान कधीचे याचा पत्ता नाही. आमच्या ऑडिटरने असे खतावणीचे पान पाहिले असते तर शाखेचे काही खरे नव्हते! पण एका पानावर टाकून दिलेली कल्पना दहा वर्षांनी दुसऱ्या पुस्तकात बरोबर कामी येई.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना त्यांनी पॉयरो आणि मिस मार्पल यांच्या दोन कादंबऱ्या लिहून बँकेच्या तिजोरीत ठेवल्या. आपले काही बरेवाईट झाले तर एक मुलीच्या आणि एक पतीच्या उपयोगी पडावी, हा हेतू. तीस-पस्तीस वर्षे सांभाळलेली ती मुदतठेवच म्हणा ना! त्यातली पॉयरोची 1975 मध्ये प्रसिद्ध झाली. 12 जानेवारी 1976 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी अगाथाबाई गेल्या, आणि त्याच वर्षी दुसरीही आली. मागे 66 रहस्यकादंबऱ्या उरल्या.

निवृत्तीनंतर आठवणी लिहीन, मन लागले की बसेन, असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतात. मीही सहा वर्षे म्हणत होतो. ब्लू ट्रेनचे ते पुस्तक कधी हाती आले, तर त्यातला खुनी शोधताना ते सांगणाऱ्या बाईंचीही आठवण ठेवा. मी ते नुकतेच पुन्हा वाचले. त्यांना आवडत नसे, मला मात्र आवडले.