ओळखा पाहू, हे काका कोण?

दिवेलागण झाली की माकणीच्या आमच्या घरी वडीलधारी मंडळी मुलांना एक खेळ घालीत. एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र नाव वगळून सांगावयाचे आणि ते कोणाचे हे मुलांनी ओळखावयाचे. गेल्या चैत्रात समाजातील काही कुटुंबे आमच्याकडे जमली असता आम्ही तो खेळ पुन्हा मांडला. सुज्ञ वाचकांनीही नाव ओळखून पाहावे. आपल्या समाजाला ते जड जाऊ नये, असा आमचा समज होता.

आमचे चरित्रनायक तेरणाकाठचे. माकणीस जिचे पाणी धरणाने अडविले आहे, तीच नदी वरच्या अंगाला त्यांच्या गावावरून वाहते. ते गाव सातवाहनांच्या काळी तगर या नावाने दूरवर ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख असून तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. तेथील उत्खननांत मातीची भांडी व मृण्मूर्ती विपुल सापडल्या आहेत. एका मुलाने तेर हे नाव तत्काळ सांगितले. परंतु पुरुष कोण, हे त्याला सांगता आले नाही.

परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म इसवी सन १२६७ मधील. तेव्हा देवगिरीस यादवांचे राज्य होते. नामदेव १२७० चे, ज्ञानदेव १२७५ चे. म्हणजे नामदेवांहून हे अवघे तीन वर्षांनी वडील. तरीही साऱ्या संतमंडळीत त्यांना काका म्हणत. हा मान निव्वळ वयाचा नसावा, असे आमचे मत आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने येथे सावता माळी यांचे नाव घेतले. तर्क वाईट नव्हता, परंतु सावतोबा अरणचे आणि त्यांनी १२९५ मध्येच देह ठेविला. आमचे चरित्रनायक त्यानंतर बावीस वर्षे हयात होते.

मग आम्ही थापटण्याची खूण दिली. घडा ओला असता आतून दगडाचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने त्याचे अंग सारखे करितात, हे आपल्या घरांतून कोणास सांगावयास नको. भाजलेले मडके वाजवून पाहिले तर खणखणते. कच्चे किंवा चिरलेले असेल तर बद्द आवाज देते. संतांच्या एका मेळ्यात मुक्ताबाईंनी या हत्याराचा उपयोग विचारला आणि कोणते मडके कच्चे ते पाहण्यास सांगितले. काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून परीक्षा केली. इतर शांत बसले. नामदेव मात्र रागावले. काकांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. पुढे नामदेव औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केले, ही कथा सर्वश्रुत आहे. आम्हांस तीत विशेष वाटते ते हे, की शास्त्र जाणणारे ज्ञानदेव व निवृत्तिनाथ त्या मेळ्यात बसलेले असता पारख करण्याचे काम एका कारागिराकडे आले, आणि त्याचा निर्णय सर्वांनी मानला. चाकावर व आव्यापाशी जन्म घालविलेल्या हाताचे ज्ञान तेथे प्रमाण ठरले.

थापटण्याचा शब्द निघताच म्हाताऱ्या मंडळींनी एकमेकांकडे पाहून मान डोलविली. मुले मात्र गप्पच राहिली. शेवटी नाइलाजाने आम्ही चिखलात तुडविल्या गेलेल्या बाळाची खूण दिली, आणि एका क्षणात सारे घर गोरोबांच्या नावाने दुमदुमले!

याचे आम्हांस वाईट वाटले. नामात रंगलेल्या गोरोबांच्या पायांखाली रांगते मूल आले. पत्नी संतीने संतापून, आपल्याला स्पर्श करू नये अशी विठ्ठलाची शपथ घातली. पुढे धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचा विवाह करविला. दोघींना सारखे वागवावे, या सासऱ्यांच्या शब्दाखातर गोरोबांनी तिलाही तीच शपथ लागू केली. शपथ मोडली असे वाटून त्यांनी आपले हात तोडले. आणि पंढरीस नामदेवांच्या कीर्तनात हात व बाळ दोन्ही परत लाभली. ही कथा महिपतींच्या भक्तिविजयात आहे. तो ग्रंथ १७६२ मध्ये पूर्ण झाला, गोरोबांच्या समाधीनंतर ४४५ वर्षांनी. आम्ही तिच्यावर शंकेची कात्री चालवू इच्छीत नाही. ती श्रद्धेची वस्तू आहे. तिच्यावरून कन्नडमध्येही भक्त कुंबार हा राजकुमार यांचा बोलपट १९७४ मध्ये निघाला. परंतु पन्नास वर्षांच्या आयुष्यातून आपल्या मुलांच्या हाती तेवढा एकच प्रसंग उरावा, हा दोष मुलांचा नव्हे. घरोघरी आपणच तेवढे सांगितले आहे.

गोरोबांनी शके १२३९ (इ.स. १३१७) च्या चैत्र वद्य त्रयोदशीस तेर येथे देह ठेविला. त्यांची समाधी तेथेच आहे आणि त्या तिथीस यात्रा भरते.

खेळ संपून मंडळी उठू लागली, तोच एका दहा वर्षांच्या मुलीने आपलेही कोडे सोडवावे असा हट्ट धरला. पाणी आणावयास गेली असता जिचे मूल गेले, नवऱ्याचा स्पर्श जिने शपथेने सोडला, आणि आपल्याच बहिणीला जिने सवत म्हणून घरी आणिले, ती बाई कोण? थापटण्यावर मान डोलविणारी म्हातारी मंडळीही विचारात पडली. नुकतीच ती सारी कथा सांगून बसलेल्या आम्हांसही संतीचे नाव चटकन सुचले नाही.