सुरांच्या पायाभरणीचा कारागीर : सेबास्टियन डिसोझा

जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांवर गायकाचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव असे. त्या गाण्यातील व्हायोलिनच्या ताफ्याने कोणता स्वर धरावा, चेलोने गायकाच्या मागून कोणती दुसरी धून वाहती ठेवावी, पियानोच्या डाव्या हाताखाली काय असावे आणि उजव्या हाताखाली काय, हे सारे कागदावर उतरवणाऱ्या माणसाचे नाव मात्र तेथे नसे. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सहायक म्हणून दत्ताराम यांच्याबरोबर आणखी एक नाव झळकत असे, सेबास्टियन. 1952 ते 1975 या काळात या जोडीच्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सेबास्टियन डिसोझा ते हेच.

सेबास्टियन यांचा जन्म 1906 मधला, गोव्यातील बार्देश तालुक्यातील रेइश मागुश या गावचा. मांडवीच्या मुखाशी पणजीच्या समोर वसलेल्या या गावाची ओळख तेथील किल्ला आणि सोळाव्या शतकातील चर्च यांमुळे आहे. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांची सत्ता होती. चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून गावातील मुलांना स्वरलेखन वाचण्याचे, समूहाने गाण्याचे आणि व्हायोलिनवर गज फिरवण्याचे शिक्षण देण्याची परंपरा तेथे कित्येक पिढ्यांपासून चालत आली होती. शिकवणाऱ्याला आदराने मेस्त म्हणत. अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर गात असतानाही गाणे एकच राहते, हा अनुभव या मुलांना कोवळ्या वयातच मिळे. गावात शेती थोडी आणि नोकऱ्या नाहीत, अशा स्थितीत ही स्वरविद्या पुढे पोटापाण्याचे साधन बनली. गोव्याचे वादक ब्रिटिश हिंदुस्थानातील हॉटेले, क्लब, जहाजे आणि मूकपटांची थिएटरे येथे पसरले.

सेबास्टियन यांची वाट लाहोरला गेली. तेथील स्टिफल्स या हॉटेलात त्यांचा स्वतःचा बँड होता. नृत्यासाठी वाजवल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीताची आणि जॅझची मांडणी तेथे रोज नव्याने करावी लागे. हाताशी असलेल्या मोजक्या वादकांत मोठ्या वाद्यवृंदाचा भास कसा निर्माण करायचा, याची ही खडतर शाळाच होती. लाहोरमध्ये चित्रपटसृष्टीही बहरत होती आणि तेथील संगीतकारांशी त्यांचा परिचय झाला. त्यांतच तरुण ओ. पी. नय्यर होते. 1947 मध्ये फाळणी झाली आणि हे सारे विश्व एका फटक्यात उद्ध्वस्त झाले. जमलेला बँड, ओळखीचे श्रोते, मिळालेली प्रतिष्ठा मागे टाकून चाळिशी ओलांडलेला हा कलावंत मुंबईत आला तेव्हा त्याला पुन्हा शून्यातून उभे राहायचे होते.

मुंबईत लाहोरची ओळख कामी आली. नय्यर यांच्या गाण्यांच्या वाद्यमेळाची जबाबदारी सेबास्टियन यांच्याकडे आली आणि पुढे शंकर-जयकिशन यांनी त्यांना आपल्याकडे घेतले. शंकर हे निजामाच्या हैदराबादेत वाढलेले आणि तबल्यात तयार झालेले, तर जयकिशन गुजरातेतील वांसद्याचे, हार्मोनियमवर हात बसलेले. चाल सुचण्यात दोघांचा हातखंडा होता. सुचलेली चाल वाद्यवृंदाच्या रूपाने उभी करायची, तर त्यासाठी स्वरलिपी लिहिणारा आणि हार्मनीचे शास्त्र जाणणारा माणूस हवा होता. तो त्यांना सेबास्टियन यांच्या रूपाने मिळाला.

त्यांच्या कामाचे मोल समजण्यासाठी कॉर्ड म्हणजे काय, हे जाणून घेणे उपयोगाचे ठरेल. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. या परिसरातील कोणत्याही भजनी मंडळात पेटी असतेच. पेटीवादकाचा डावा हात भाता हलवण्यात गुंतलेला असतो आणि उजवा हात गायकामागोमाग एकेक स्वर काढत जातो. पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात आणि दहा बोटांखाली अनेक स्वर एकदम वाजू शकतात. सा, ग आणि प हे तीन स्वर एकत्र वाजवले की सर्वांत साधी कॉर्ड तयार होते. शिकणाऱ्याची ही पहिली पायरी.

खरा अभ्यास यानंतर सुरू होतो. हेच तीन स्वर ग, प आणि वरचा सा अशा क्रमाने वाजवले तर त्यांचा रंग बदलतो, कारण सर्वांत खालचा स्वर आता वेगळा असतो. सा-ग-पवरून म-ध-साकडे जाताना सगळा हात उचलून नेण्याची गरज नसते. दोहोंत समान असलेला सा जागेवर ठेवावा, ग शेजारच्या मवर आणि प शेजारच्या धवर सरकवावा, की एक कॉर्ड दुसरीत अलगद विरघळते. प्रत्येक स्वराने जवळच्या जवळ पाऊल टाकावे, हा चर्चच्या समूहगायनातून आलेला नियम येथे लागू पडतो.

पुढची पायरी स्वर पसरून ठेवण्याची. मंद्र सप्तकात सा, ग, प एकमेकांना चिकटून वाजवले तर नाद गढूळ होतो. त्याऐवजी डाव्या हाताने खाली सा आणि प ठेवून ग वरच्या सप्तकात नेला तर तीच कॉर्ड मोकळी आणि उजळ भासते. त्यानंतर कोमल नीसारखा चौथा स्वर येतो आणि त्याच्याबरोबर वगळण्याची कला येते. डबल बास मूळ सा देत असेल तर पियानोने तो पुन्हा वाजवण्याचे कारण नाही. पंचम गाळला तरी ग आणि कोमल नी एवढ्यावर कॉर्डची ओळख पटते. प्रगत मांडणी म्हणजे स्वरांची गर्दी, असा नवशिक्याचा समज असतो. प्रत्यक्षात शिकणारा जसजसा पुढे जातो, तसतसा तो कमी स्वर वाजवतो. वाद्यवृंद लिहिणारा हाच विचार पियानोच्या दहा बोटांऐवजी पन्नास वादकांत वाटतो.

सेबास्टियन यांच्यापुढचा पेच आणखी अवघड होता. त्यांची हार्मनी युरोपात घडलेली आणि चाली मात्र रागांच्या. शंकर-जयकिशन यांचा आवडता भैरवी हा राग घेतला तरी ही अडचण ध्यानी येते. पाश्चात्त्य पद्धतीत षड्जावर परतण्याचा राजमार्ग प, शुद्ध नी आणि शुद्ध रे यांच्या कॉर्डमधून जातो. भैरवीचे रे आणि नी कोमल. नेहमीच्या सवयीने ती कॉर्ड वाजवली तर गायकाचा कोमल रिषभ आणि वाद्यांचा शुद्ध रिषभ एकमेकांवर आदळतील आणि भैरवीचा घात होईल. मग कोमल रे, म आणि कोमल ध यांची कॉर्ड, किंवा कोमल नी, कोमल रे आणि म यांची कॉर्ड, अशा रागाच्याच स्वरांतून घरी परतण्याची वाट शोधावी लागते. शिवरंजनीत तर मध्यम आणि निषाद हे स्वरच नाहीत. तेथे म-ध-सा ही कॉर्ड वाजवली तर वर्ज्य मध्यम डोकावतो. तो गाळावा, आतल्या एखाद्या वाद्याला हळूच द्यावा की क्षणभर उघड वाजू द्यावा, हा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो.

हे निर्णय अचूक घेणे हीच सेबास्टियन यांची कमाई होती. 'आह' (1953), 'श्री 420' (1955), 'चोरी चोरी' (1956) आणि 'संगम' (1964) या चित्रपटांतील वाद्यवृंद भव्य आहे, पण तो गायकाच्या अंगावर धावून येत नाही. गायक श्वास घेतो तेथे व्हायोलिने पुढे सरसावतात, शब्द सुरू होताच ती मागे हटतात आणि चेलोची आडवी धून खालून चालत राहते. 'बसंत बहार' (1956) सारख्या पूर्णतः रागदारीवर आधारलेल्या चित्रपटासाठी हाच संयम वेगळ्या प्रमाणात लागतो. चर्चच्या सुरांवर वाढलेल्या माणसाने रागाचा असा मान राखावा, यासाठी भारतीय संगीत नव्याने आणि नम्रपणे ऐकावे लागले असणार, हे उघड आहे.

त्या काळी गायक आणि वादक स्टुडिओत एकत्रच असत. एका वादकाची चूक झाली तरी पुष्कळदा सारे गाणे पहिल्यापासून घ्यावे लागे. त्यामुळे प्रत्येकाच्या पुढ्यातील कागद निर्दोष असणे अत्यावश्यक होते. व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या रांगांत नोटेशन वाचणारे गोवेकर आणि पारशी वादक बसलेले असत. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या गोवेकरांनीही हिंदी चित्रपटसंगीताच्या उभारणीत असाच वाटा उचलला. पियानोवर लुसिला पाचेको यांचे नाव मानाने घेतले जाई. 1968 मध्ये शंकर-जयकिशन यांनी 'रागा जॅझ स्टाइल' ही तबकडी काढली, तेव्हा रईस खान यांच्या सतारीबरोबर पियानोवर त्याच होत्या.

1971 मध्ये जयकिशन यांचे निधन झाले. 1975 च्या सुमारास सेबास्टियन यांचे या जोडीच्या नावाने चाललेले कामही थांबले. पुढे सिंथेसायझर आले, वादकांच्या रांगा विरळ होत गेल्या आणि कागदावर वाद्यवृंद लिहिणाऱ्यांची गरज ओसरली. नव्वदी गाठलेल्या सेबास्टियन यांनी 1996 मध्ये जगाचा निरोप घेतला. त्यांच्या कुटुंबातील मर्लिन डिसोझा यांनी पियानोवादक आणि संगीतकार म्हणून स्वतःचे स्थान निर्माण केले.

मराठवाड्यातील गावांत ही गाणी पोहोचली ती रेडिओ सिलोनवरून, जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमधून आणि लग्नाच्या बँडमधून. ऐकणाऱ्याला मुकेश, लता, रफी ठाऊक होते, शंकर-जयकिशन ठाऊक होते. गाणे संपल्यावरही मनात रेंगाळणारी व्हायोलिनची ती लकेर कोणी कागदावर उतरवली, हे मात्र बहुतेकांना कधी कळले नाही. सहायक या एका शब्दात एवढे मोठे काम मावून गेले.

आज हिंगोली, वसमत, कळमनुरीसारख्या गावांतही मुलांच्या हाती इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहेत. अनेक कीबोर्डवर एक बोट दाबले की तयार कॉर्ड आपोआप वाजू लागते. ती सोय वाईट नाही, परंतु भैरवी चालू असताना शुद्ध रिषभ वाजवू नये, हे त्या यंत्राला उमगत नाही. ते ठरवण्यासाठी कान लागतो आणि कान तयार व्हायला वेळ लागतो. शिकणाऱ्याने शंकर-जयकिशन यांचे एखादे जुने गाणे लावावे, गायकाकडे काही काळ दुर्लक्ष करून खालचे स्वर शोधावेत आणि ते एकेक करून पट्ट्यांवर बसवावेत. सेबास्टियन डिसोझा यांनी धडे देणारे पुस्तक मागे ठेवलेले नसले, तरी त्या गाण्यांच्या तळाशी त्यांची शिकवण अजून ऐकू येते.