फुसाए इचिकावा : जपानी स्त्रियांच्या मतासाठी झटलेली शिक्षिका



युद्धानंतरचा जपान म्हटलं की आपण मुलांना हिरोशिमा, बुलेट ट्रेन आणि शिस्त एवढंच सांगतो. आज त्याच जपानमधल्या एका शिक्षिकेची ओळख करून घेऊ या.

फुसाए इचिकावा यांचा जन्म १५ मे १८९३ रोजी आयची प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात झाला. वडील आईला मारायचे. पण मुलांनी शिकावं हा आग्रहही त्यांचाच! आईचे हाल बघत फुसाए वाढल्या, शिकल्या आणि शाळेत शिकवू लागल्या.

तेव्हा जपानी बायकांना राजकीय सभेला जायचीही कायद्याने बंदी होती. ती उठावी म्हणून फुसाए आणि त्यांच्या सहकारी झटल्या. १९२२ मध्ये ती उठली. १९२५ मध्ये २५ वर्षांवरील पुरुषांना सरसकट मताधिकार मिळाला, बायकांना नाही. त्यांना तो मिळाला थेट डिसेंबर १९४५ मध्ये, देश युद्ध हरल्यावर.

१० एप्रिल १९४६ रोजी स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं आणि ३९ स्त्रिया संसदेत गेल्या. पण ज्यांनी यासाठी आयुष्य वेचलं, त्या इचिकावांचं नावच मतदार यादीत नव्हतं!

आता अवघड भाग. युद्धकाळात इचिकावांनी सरकारच्या युद्धप्रचाराला साथ देणाऱ्या संघटनांमध्ये काम केलं होतं. त्यातून स्त्रियांना सार्वजनिक कामात जागा मिळेल, असं त्यांना वाटलं. त्यामुळे १९४७ ते १९५० त्यांच्यावर सार्वजनिक पदाची बंदी आली. हे मुलांना सांगावं का? माझ्या मते सांगावंच. चांगल्या हेतूनेही माणूस चुकतो, हे मुलांना कळायला हवं. आणि चुकल्यानंतर पुढे काय करायचं, हेही.

इचिकावा घरी बसल्या नाहीत. १९५३ मध्ये टोकियोतून अपक्ष म्हणून वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या. प्रचारावर पैसा उधळायचा नाही, हा त्यांचा नेम. १९७१ मध्ये हरल्या, १९७४ मध्ये पुन्हा जिंकल्या. १९८० मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, राष्ट्रीय मतदारसंघात २७ लाखांहून जास्त मतं मिळवून पहिल्या आल्या. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी त्यांचं निधन झालं.

हा पाठ झाल्यावर मुलांना एकच गृहपाठ द्या : मतदार यादीत आईचं आणि आजीचं नाव आहे का, घरी विचारून या.